चाकाचे बेअरिंग बदलताना जाम झालेले भाग सोडवण्याचा क्रम

पुढच्या चाकाचे बेअरिंग घरी बदलायला घेतले की बऱ्याचदा काम बेअरिंगपर्यंत पोहोचतच नाही. कुणाचा एक्सलचा नट हलत नाही, कुणाची डिस्क हबला, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या मधल्या भागाला, चिकटून बसते, कुणाच्या हातात एबीएस सेन्सरचा (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या सेन्सरचा) अर्धा तुकडा येतो, आणि संध्याकाळी अर्धवट उघडलेली गाडी पोर्चमध्ये ठेवून मेकॅनिकला फोन करावा लागतो. अशा वेळी ताकद कमी पडलेली नसते. भाग कशाने धरून ठेवला आहे हे न ओळखता हातोडा उचललेला असतो. उन्हाळ्याच्या तोंडावर कूलरच्या लोखंडी स्टँडचा गंजलेला नट आपण नागपूरकर दोन घाव घालून मोकळा करतो, आणि तो तुटलाच तर इतवारीतून दुसरा आणतो. हीच सवय हबवर चालवली तर दोन घावांत एक्सलचे आटे चेपतात आणि बेअरिंगच्या कामाला एक्सलचे काम जोडले जाते. हे मी स्वतःच्याच गाडीवर करून बसलो आहे.

या लेखातील क्रम पुढच्या चाकांवर चालणाऱ्या छोट्या गाड्यांसाठी आहे, ज्यांत बेअरिंग नकलमध्ये (इंग्रजीत knuckle, म्हणजे स्टिअरिंगबरोबर वळणारा आणि चाक धरून ठेवणारा लोखंडी भाग) दाबून बसवलेले असते आणि हब त्या बेअरिंगमध्ये दाबलेला असतो. काही गाड्यांत हब आणि बेअरिंग एकत्र असून ते तीन-चार बोल्टांनी नकलवर बसते. त्यांच्यासाठी पाचव्या टप्प्यापर्यंतचे सर्व लागू आहे, पुढचे नाही.

## हातोड्याआधीचा प्रश्न

न सुटणारा भाग चारपैकी एका कारणाने अडकलेला असतो. पहिले कारण गंज आणि वाळलेला चिखल. दुसरे, शंकूच्या आकाराचा टेपर, जो बॉल जॉइंट (नकलला खालच्या आर्मशी जोडणारा सांधा) आणि टाय रॉड (स्टिअरिंगची हालचाल चाकापर्यंत नेणारा दांडा) यांच्या टोकाला असतो आणि नट काढल्यावरही आपली पकड सोडत नाही. तिसरे, दाबून बसवलेला जोड, म्हणजे भोकापेक्षा किंचित मोठा भाग त्यात जोराने बसवलेला असणे. चौथे कारण सर्वांत साधे आणि सर्वांत महाग पडणारे आहे : आपण काढायचे विसरलेले एखादे लॉक, स्क्रू किंवा बोल्ट. गंजावर तेल, कंप आणि वेळ चालतो. टेपरवर बाजूने दिलेला धक्का चालतो. दाबून बसवलेल्या जोडावर सरळ रेषेतला दाब किंवा उष्णता चालते. आणि विसरलेल्या लॉकवर काहीही चालत नाही, ते काढावेच लागते. म्हणून एखादा भाग तीन-चार योग्य प्रयत्नांत हलला नाही, तर पुढचा घाव घालण्याआधी टॉर्च घेऊन त्याच्या मागे-पुढे पाहावे.

नागपूरच्या गाड्यांना समुद्राच्या खाऱ्या हवेचा त्रास नाही. येथे पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून गाडी जाते, काळ्या मातीचा चिखल नकलच्या मागच्या खाचांत बसतो, आणि एप्रिल-मे महिन्यांत तो विटेसारखा भाजून निघतो. या थरावर तेल मारले तर ते चिखलच पितो, आट्यांपर्यंत काही पोहोचत नाही. त्यामुळे येथे पहिले हत्यार तारेचा ब्रश आणि पाणी आहे, तेलाचा डबा नव्हे.

## तयारी

जागा सपाट आणि कडक असावी. अपार्टमेंटच्या खालच्या पार्किंगची काँक्रीटची फरशी सर्वांत चांगली. डांबरी जागा मे महिन्याच्या दुपारी मऊ होते आणि जॅक स्टँडचे पाय त्यात रुततात. मोकळ्या प्लॉटवरील काळी माती पावसाळ्यात तर कोणतेच वजन पेलत नाही. अशा जागी काम करण्याची वेळ आलीच तर जाड प्लायवूडचा तुकडा स्टँडखाली ठेवावा. उन्हाळ्यात काम सकाळी सहाला सुरू करावे, कारण अकरानंतर उन्हात ठेवलेला पाना हातात धरवत नाही आणि घाईने चुका होतात. स्प्रेचे डबे उन्हात किंवा बंद गाडीत ठेवू नयेत. त्यांवर ५० अंश सेल्सिअसची मर्यादा छापलेली असते, आणि मे महिन्यात उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीच्या आत पारा त्याच्या वर जातो.

हत्यारांत तीन गोष्टींवर काटकसर करू नये. एक्सलच्या नटासाठी सहा कोनी सॉकेट घ्यावे; बारा कोनी सॉकेट जोर लावताच नटाचे कोपरे गोल करते. बहुतेक छोट्या गाड्यांत हा नट ३० किंवा ३२ मिलिमीटरचा असतो, पण विकत घेण्याआधी मोजून पाहावा. दुसरी गोष्ट म्हणजे अर्धा इंची तोंडाची लांब, मजबूत टॉमी, म्हणजे सॉकेट फिरवायचा दांडा. रॅचेट या कामाला वापरू नये, त्याचे दाते तुटतात. तिसरी गोष्ट डोळ्यांवरचा चष्मा, आणि तो खरोखर संरक्षणाचा असावा, नंबरचा नव्हे. याशिवाय दोन किलोचा हातोडा, पितळी किंवा तांब्याची सळई, दोन-तीन जबड्यांचा पुलर, सर्कलिपचा (बेअरिंग भोकात अडवून ठेवणाऱ्या स्प्रिंगसारख्या कडीचा) पक्कड, टॉर्क पाना, तार, मार्कर आणि लाकडाचे ठोकळे लागतात. पुलर विकत घेणे परवडत नसेल तर तो ओळखीच्या गॅरेजमधून दिवसभरासाठी आणता येतो.

तेलाबद्दल गैरसमज फार आहेत. डब्ल्यूडी-४० चा नेहमीचा डबा मुख्यतः ओल हटवण्यासाठी आहे. जाम झालेल्या आट्यांसाठी वेगळे मिळणारे पेनिट्रेटिंग तेल अधिक खोल जाते. ऑटोमॅटिक गिअरचे तेल आणि ॲसिटोन समप्रमाणात मिसळून केलेले मिश्रणही चांगले काम करते, पण ॲसिटोन अत्यंत ज्वलनशील आहे आणि रंग व प्लास्टिक खाते. रॉकेल किंवा डिझेल अगदीच निरुपयोगी नाही. त्याला फक्त जास्त वेळ द्यावा लागतो.

नवे बेअरिंग, नवी सर्कलिप आणि नवा एक्सल नट काम सुरू करण्यापूर्वी घरात हवेत. नवे बेअरिंग समोर असले की जुने कुठे संपते आणि नकल कुठे सुरू होते, हे नेमके दिसते. ही तुलना सातव्या टप्प्यात फार कामाला येते.

सावधान : क्लोरीनयुक्त ब्रेक क्लिनर मारलेल्या भागावर कधीही ज्योत किंवा वेल्डिंग आणू नये. तापल्यावर त्यातून फॉस्जीन नावाचा विषारी वायू तयार होऊ शकतो. तेल मारलेल्या भागावरही ज्योत आणण्यापूर्वी तो पूर्ण पुसून कोरडा करावा.

## टप्पा १ : आदल्या संध्याकाळी चाक एकदा काढून परत बसवणे

हा टप्पा जवळजवळ सगळेच गाळतात, आणि दुसऱ्या दिवशीच्या निम्म्या अडचणी त्यातूनच येतात. गाडी जॅकवर घेऊन स्टँडवर टेकवावी आणि चाक काढावे. चाकाचे नट सुटूनही चाक हबला चिकटले असेल, तर सर्व नट दोन-दोन आटे ढिले ठेवून परत लावावेत, गाडी खाली उतरवावी आणि ती एखाद-दोन फूट पुढे-मागे करावी. गाडीच्या वजनानेच चाक टक् आवाज करून सुटते. ही युक्ती आजच वापरता येते, उद्या नाही, कारण उद्या एक्सलचा नट ढिला झालेला असेल आणि तेव्हा गाडी हलवली तर हबवरचा दाब सुटलेल्या बेअरिंगवर गाडीचे वजन येऊन त्याची कडी, म्हणजे गोळ्यांच्या आतली-बाहेरची पोलादी वलये, एकमेकांपासून सरकू शकतात. पुढेमागे काम अर्धवट सोडून गाडी गॅरेजपर्यंत न्यावी लागली, तर ही चूक महागात पडते.

चाक निघाल्यावर नकल, टाय रॉडचे टोक, बॉल जॉइंट आणि सेन्सरभोवतीचा चिखल ब्रशने आणि पाण्याने काढावा. सगळे वाळल्यावर एक्सलचा नट, एक्सलचे दाते जिथे हबमध्ये शिरतात ती जागा, कॅलिपरच्या (ब्रेकचे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) ब्रॅकेटचे बोल्ट, स्ट्रटचे (स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बरच्या खांबाचे) बोल्ट आणि टाय रॉडचा नट यांवर तेल मारावे. डिस्कच्या घासणाऱ्या पृष्ठभागावर किंवा पॅडवर तेल उडू नये म्हणून त्यांवर जुने वर्तमानपत्र गुंडाळावे. रात्री झोपण्यापूर्वी पुन्हा एकदा तेल मारावे, आणि प्रत्येक वेळी त्या भागावर हातोडीने हलके पाच-दहा ठोके द्यावेत. त्या कंपाने गंजात बारीक तडे पडतात आणि तेल आत ओढले जाते. नुसते तेल मारून ठेवणे म्हणजे अर्धेच काम आहे.

मग चाक परत बसवून गाडी खाली उतरवावी.

## टप्पा २ : एक्सलचा नट, गाडी जमिनीवर असतानाच

गाडी जॅकवर घेऊन या नटाशी झटापट करणे ही सर्वांत धोकादायक चूक आहे. हा नट अनेक छोट्या गाड्यांत १७५ ते २५० न्यूटन-मीटरपर्यंत कसलेला असतो, आणि तो सोडवताना याहून जास्त जोर लागतो. चाकाची मधली टोपी काढावी, गाडी गिअरमध्ये आणि हँडब्रेकवर ठेवावी, चाकांखाली ठोकळे लावावेत आणि एका माणसाला ब्रेक दाबून बसायला सांगावे.

सॉकेट लावण्याआधी नटाची कडा पाहावी. बहुतेक गाड्यांत तिचा एक भाग एक्सलच्या खाचेत ठोकून दाबलेला असतो. काही गाड्यांत त्याऐवजी स्प्लिट पिन असते. दाबलेली कडा बारीक छिन्नीने वर उचलून खाच पूर्ण मोकळी करावी. तसे न करता नट फिरवला तर तो फिरतो खरा, पण एक्सलचे आटे खरवडत येतो.

यानंतरचे गणित सोपे आहे. ६० सेंटिमीटर लांबीच्या टॉमीच्या टोकावर ३५ किलो भार दिला तर सुमारे २०० न्यूटन-मीटर मिळतात. पाइप घालून लांबी एक मीटर केली तर तेवढ्याच भाराने सुमारे ३४०. म्हणून टॉमीवर उड्या मारण्यापेक्षा लांबी वाढवणे शहाणपणाचे आहे. जोर सावकाश वाढवत न्यावा, टॉमीचे दुसरे टोक ठोकळ्यावर टेकवून सॉकेट सरळ ठेवावे आणि टॉमी निसटली तर आपले डोके कुठे असेल याचा आधी विचार करावा.

नट हलला की फक्त अर्धा फेरा सोडवून थांबावे. नट पूर्ण काढणे गाडी स्टँडवर गेल्यानंतर.

## टप्पा ३ : कॅलिपर आणि डिस्क

गाडी स्टँडवर घेऊन चाक काढल्यावर ते गाडीखाली आडवे सरकवून ठेवावे. स्टँड सरकलाच तर हे चाक जीव वाचवते.

कॅलिपरचे ब्रॅकेट नकलवर मागून दोन बोल्टांनी बसलेले असते. हे बोल्ट मागून दिसत असल्याने फिरवण्याची दिशा उलट वाटते आणि घाईत लोक ते अधिकच घट्ट करतात; पाना लावण्यापूर्वी बोल्टाच्या डोक्यासमोर आपले तोंड आहे अशी कल्पना करून दिशा ठरवावी. कॅलिपर सुटल्यावर तो होजवर, म्हणजे ब्रेकच्या रबरी नळीवर, लोंबकळत सोडू नये, तारेने स्प्रिंगला बांधावा.

आता डिस्क. काही गाड्यांत ती एक-दोन बारीक चौफुली स्क्रूंनी हबला धरलेली असते, आणि गंजाच्या खाली ते दिसतही नाहीत; आधी सांगितलेले चौथे कारण बहुधा येथेच भेटते. स्क्रू साध्या पेचकसाने पहिल्याच झटक्यात मळतो, म्हणून हातोड्याने ठोकून फिरणारा इम्पॅक्ट पेचकस वापरावा. मळलाच तर त्याचे डोके ड्रिलने उडवावे. डिस्क निघाल्यावर उरलेला दांडा पकडीने फिरवून निघतो.

स्क्रू नसूनही डिस्क येत नसेल तर तिच्या मधल्या चपट्या भागावर आटे पाडलेली दोन भोके आहेत का ते पाहावे. बहुतेक गाड्यांत ती ८ मिलिमीटर बोल्टाची असतात आणि याच कामासाठी ठेवलेली असतात. दोन्हीत बोल्ट घालून आळीपाळीने पाव-पाव फेरा कसत गेले की डिस्क सरळ बाहेर येते. एकच बोल्ट शेवटपर्यंत कसला तर डिस्क तिरपी होऊन आणखी घट्ट बसते. भोके नसल्यास डिस्कच्या मागून, हातोड्याच्या जागा बदलत, लाकूड मध्ये ठेवून ठोके द्यावेत. डिस्क पुन्हा वापरायची असेल तर घासणाऱ्या भागावर लोखंडी हातोडा पडता कामा नये.

मागे ड्रम असलेल्या गाडीचे काम असेल तर येथे एक वेगळी अडचण येते. ड्रम अर्धा इंच बाहेर येतो आणि अडतो. तो हबला चिकटलेला नसतो. ड्रमच्या आतल्या कडेला झिजून एक कंगोरा तयार झालेला असतो आणि ब्रेक शू त्यामागे अडकतात. ओढून उपयोग नाही, शूच्या पिना उपटून हातात येतात. हँडब्रेक पूर्ण सोडावा, हँडब्रेकची केबल ढिली करावी, मागच्या पत्र्यावरील रबरी बूच काढून पेचकसाने ॲडजस्टर मागे फिरवावा, म्हणजे शू आत येतात आणि ड्रम हाताने निघतो. ज्या गाड्यांत मागचे बेअरिंग ड्रममध्येच असते, तेथे आधी मधली ग्रीसची टोपी आणि तिच्याखालचा नट काढावा लागतो, हे सांगण्याची गरज पडू नये, पण पडते.

## टप्पा ४ : एबीएसचा सेन्सर

हा सेन्सर प्लास्टिकचा असतो, लोखंडी भोकात बसतो, आणि भोकातला गंज फुगून त्याला चहूबाजूंनी दाबतो. त्याचा एकुलता एक छोटा बोल्ट काढल्यावर तो ओढून काढण्याचा मोह होतो. ओढू नये. तेल सोडून, सेन्सरचा जो भाग बाहेर दिसतो तो हाताने किंवा पकडीत कापड धरून डावीकडे-उजवीकडे किंचित फिरवत राहावे. फिरू लागला तर तो निघेल. पाच मिनिटांत फिरला नाही तर माझा स्पष्ट सल्ला आहे की त्याच्या मागे लागू नये : वायरच्या क्लिपा सोडवाव्यात, चाकाच्या खोलगट भागातला किंवा बॉनेटखालचा कनेक्टर काढावा आणि सेन्सर नकलमध्येच ठेवून वायरसह नकल बाहेर आणावी. पुढे बेअरिंग निघाल्यावर बऱ्याच नकलांत सेन्सरचे आतले टोक उघडे पडते आणि ते आतून लाकडी काडीने ढकलता येते.

सावधान : सेन्सर नकलमध्ये असताना नकल तापवू नये, प्रेसमध्ये देऊ नये आणि वेल्डिंग तर मुळीच करू नये. प्रेसवाल्याला त्याची कल्पना नसते, आपण सांगावे.

## टप्पा ५ : एक्सल हबमधून मागे ढकलणे

एक्सलच्या टोकाचे दाते हबच्या दात्यांत घट्ट बसलेले असतात आणि मधे गंजाचा लेप असतो. नट काढून टाकून एक्सलच्या टोकावर थेट हातोडा मारणे ही माझी वर सांगितलेली चूक. टोक कुकुरमुत्त्यासारखे पसरते, आणि मग नट चढत नाही व एक्सल हबमधूनही जात नाही. जुना नट एक्सलच्या टोकाशी समपातळीत येईल इतकाच लावून ठेवावा, त्यावर पितळी सळई किंवा कठीण लाकूड ठेवावे आणि मोजके, सरळ, जोरकस ठोके द्यावेत. पाच-सहा ठोक्यांत हालचाल दिसली नाही तर हातोडा खाली ठेवावा.

त्यानंतर पुलर. त्याचे जबडे हबच्या कडेमागे किंवा त्याची पट्टी चाकाच्या स्टडवर नटांनी बसवून मधला स्क्रू एक्सलच्या टोकावर टेकवावा. स्क्रूवर चांगला ताण आल्यावर त्याच्या डोक्यावर हातोडीचा एक ठोका द्यावा, पुन्हा पाव फेरा कसावे, पुन्हा ठोका. ताण आणि धक्का एकत्र आले की दाते सुटतात. केवळ ताण वाढवत गेल्यास पुलरचाच स्क्रू वाकतो. तरीही न सुटल्यास ताण तसाच ठेवून तेल मारावे आणि चहा घ्यायला जावे. हे विनोदाने लिहिलेले नाही, दहा-पंधरा मिनिटांनी तो आपोआप सुटल्याचा आवाज अनेकदा येतो.

तपासणी : एक्सल सुटल्यावर तो बाहेर ओढू नये आणि खाली लोंबकळू देऊ नये. आतल्या बाजूचा जॉइंट निखळतो व बूटमधले ग्रीस सांडते. तो तारेने आडवा बांधावा.

## टप्पा ६ : नकल गाडीपासून वेगळी करणे

टाय रॉडच्या टोकाचा नट सोडवताना आतला दांडाही फिरू लागला तर खालून जॅकने त्या जॉइंटवर हलका दाब द्यावा. टेपर घट्ट बसतो आणि नट सुटतो. नट पूर्ण काढू नये, दोन-तीन आटे शिल्लक ठेवावेत, म्हणजे जॉइंट सुटताना उसळून अंगावर येत नाही. त्यानंतर दांड्याच्या टोकावर नव्हे, तर तो ज्या डोळ्यात बसतो त्या लोखंडाच्या बाजूवर ठोका मारायचा असतो. एका बाजूला जड हातोडा टेकवून दुसऱ्या बाजूने दोन-तीन करकरीत ठोके दिले की डोळा क्षणभर आकार बदलतो आणि टेपर सोडून देतो. काट्यासारखी पाचर ठोकली तरी तो सुटतो, पण तिने रबरी बूट फाटतो. जॉइंट बदलायचाच असेल तरच ती वापरावी.

खालच्या बॉल जॉइंटबाबत आधी तो कोणत्या प्रकारचा आहे ते पाहावे. अनेक छोट्या गाड्यांत तेथे टेपर नसून नकलची चिरलेली पकड आणि तिच्यातून आडवा जाणारा बोल्ट असतो. हा बोल्ट दांड्याच्या खाचेतून जात असल्याने तो केवळ ढिला करून भागत नाही, पूर्ण बाहेर काढावा लागतो. बोल्ट अर्धा आत ठेवून तासभर कंट्रोल आर्मवर ठोकत बसलेली माणसे मी पाहिली आहेत. बोल्ट निघाल्यावर चिरेत छिन्नी हलकेच ठोकून ती केसभर रुंद करावी आणि आर्म पहारीने खाली दाबावा. चीर जास्त फाकवली तर नकलला तडा जाऊ शकतो.

स्ट्रटचे दोन बोल्ट काढण्यापूर्वी त्यांची जागा आणि कोन मार्करने खुणेने दाखवावा, कारण काही गाड्यांत चाकाचा कल तेथूनच ठरतो. नट सोडवायचा, बोल्ट फिरवायचा नाही. काही बोल्टांच्या मानेवर दाते असतात आणि फिरवले तर ते भोक रुंद करतात.

## टप्पा ७ : हब, कडी आणि सर्कलिप

घरचे काम आणि प्रेसचे काम यांची सीमा येथे आहे. नकल हातात आली की ती स्वच्छ करून, सर्कलिप काढून हिंगणा एमआयडीसीतील किंवा जवळच्या एखाद्या प्रेस असलेल्या वर्कशॉपमध्ये नेणे हा मार्ग कमीपणाचा नाही. मी स्वतः आता बहुधा तेच करतो. घरी करायचे असेल तर क्रम असा आहे.

हब आधी निघतो. नकल दोन मजबूत ठोकळ्यांवर, हब खाली लोंबेल अशी ठेवावी आणि हबच्या आतल्या टोकाला बरोबर बसेल असे जुने सॉकेट ठेवून दोन किलोच्या हातोड्याने ठोकावे. हब पडतो तेव्हा बेअरिंगचे एक आतले कडे त्याच्यासोबत येते आणि गोळ्या विखुरतात. हे बिघडल्याचे लक्षण नाही, असेच व्हायचे असते. मात्र हे बेअरिंग पुन्हा वापरता येत नाही.

हबवर राहिलेले कडे कठीण पोलादाचे असते. त्यावर थेट हातोडा मारल्यास त्याचे कपचे बंदुकीच्या छऱ्यासारखे उडतात. ग्राइंडरने कड्यावर एक तिरपी खाच पाडावी, जाडीच्या सुमारे तीन-चतुर्थांश खोल, आणि तेथेच थांबावे. खाचेत छिन्नी ठेवून एक घाव घातला की कडे टक् करून तडकते आणि हाताने सरकते. खाच आरपार नेली तर चकती हबच्या दांड्यात शिरते. ओरखडा केवळ नखाला जाणवण्याइतका असेल तर पॉलिश पेपरने गुळगुळीत करावा, खोल खाच पडली असेल तर हब बदलावा.

आता सर्कलिप. ती काढल्याशिवाय बाहेरचे कडे दाबले तर कडे हलत नाही आणि प्रेस नकल तोडते. काही नकलांत ती दोन्ही बाजूंना असते, म्हणून नवे बेअरिंग शेजारी ठेवून दोन्ही कडा तपासाव्यात. खाचेतला चिखल टोकदार सळईने खरवडून काढावा, तेल सोडावे, सर्कलिपच्या पाठीवर पंचने गोलाकार हलके ठोकून ती खाचेत थोडी फिरवावी आणि मगच पक्कड लावावा. कान तुटले तर एका टोकाखाली बारीक पेचकस घालून ते उचलावे आणि दुसऱ्या पेचकसाने पुढे सरकत जावे. चेहरा बाजूला ठेवावा.

बाहेरचे कडे दाबून बसवलेले असते, त्यामुळे येथे तेलाचा उपयोग मर्यादित आहे. काम उष्णतेने होते. सुमारे ७० मिलिमीटर व्यासाचे लोखंडी भोक ८० अंशांनी तापवले तर ते साधारण ०.०७ मिलिमीटरने मोठे होते. हा आकडा क्षुल्लक वाटतो, परंतु जोडाची सगळी पकड काही शतांश मिलिमीटरांचीच असते. सेन्सर आणि रबर काढून, तेल पुसून, गॅस टॉर्चने नकल बाहेरून सगळीकडे सारखी फिरवत तापवावी. पाण्याचा थेंब टाकताच चुरचुरला की पुरे. नकल लाल होऊ देऊ नये. नंतर कड्याच्या काठावर जागा बदलत सळईने ठोकावे किंवा जाड आट्याचा रॉड, नट आणि योग्य मापाच्या जाड वॉशरांनी ते ओढून काढावे.

एवढे करूनही कडे हलले नाही तर वेल्डरकडे जावे आणि कड्याच्या आतल्या घसरत्या पृष्ठभागावर एक गोल वेल्ड मारून घ्यावा. वेल्ड गार होताना आकुंचन पावतो, कडे लहान होते, आणि पुष्कळदा नकल उलटी केल्यावर ते आपोआप खाली पडते.

## टप्पा ८ : नवे बसवताना पुन्हा अडकू नये म्हणून

भोक आणि सर्कलिपची खाच पॉलिश पेपरने चकचकीत करावी आणि बोट फिरवून कुठे कोर उठली आहे का ते पाहावे. नव्या बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्ये एबीएससाठी चुंबकीय पट्टी असू शकते. ती बाजू सेन्सरकडे, म्हणजे बहुधा आत, गेली पाहिजे. बाजू ओळखण्यासाठी कागदाची टाचणी जवळ न्यावी, ती हलकेच ओढली जाते. त्या बाजूवर चुंबक ठेवू नये.

बेअरिंग रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवले की ते साधारण ०.०४ मिलिमीटर आकसते. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र बाहेर काढताच त्यावर पाणी जमते, म्हणून ते बंद प्लास्टिकच्या पिशवीत ठेवून बसवण्याच्या क्षणीच उघडावे. बेअरिंग नकलमध्ये दाबताना दाब फक्त बाहेरच्या कड्यावर द्यावा, आणि हब दाबताना आतल्या कड्याला मागून आधार द्यावा. उलट झाले की दाब गोळ्यांमधून जातो, धावपट्टीवर खळगे पडतात आणि नवे बेअरिंग पहिल्याच दिवशी गुणगुणू लागते. तिरपे जाऊ लागले तर पुढे दाबू नये, काढून पुन्हा सुरुवात करावी.

सर्कलिप खाचेत पूर्ण बसल्याचा आवाज येतो. तो ऐकला तरीही पेचकसाने सगळीकडे तपासावे. हबच्या ज्या चपट्या भागावर डिस्क बसते तो ब्रशने साफ करून तांब्याच्या ग्रीसचा अगदी पातळ थर द्यावा, एक्सलच्या दात्यांवरही. चाकाच्या स्टडच्या आट्यांवर ग्रीस लावू नये, त्याने टॉर्कचा आकडा खोटा ठरतो. एक्सलचा नवा नट चाक जमिनीवर टेकल्यावरच, गाडीच्या पुस्तिकेतील आकड्याने कसावा आणि त्याची कडा खाचेत ठोकावी. चाकाचे नट छोट्या गाड्यांत साधारण ८५ ते ११० न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतात. ते ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासावेत.

अंतिम तपासणी : पहिली फेरी रिंग रोडऐवजी वस्तीतल्या रिकाम्या रस्त्यावर, आधी ब्रेक दोन-तीनदा दाबून पॅड जागेवर आणल्यावर घ्यावी. एबीएसचा दिवा विझला पाहिजे. दहा मिनिटांनी दोन्ही पुढच्या चाकांच्या मध्यभागाजवळ हात नेऊन पाहावा. एक हब दुसऱ्यापेक्षा स्पष्टपणे गरम असेल तर आधी त्या चाकाचा कॅलिपर अडकला आहे का ते पाहावे, कारण जुना चिखल निघाल्यावर त्याच्या सरकत्या पिना पुष्कळदा कोरड्या झालेल्या सापडतात.